जुन्या गाडीचे पेट्रोल जाते कुठे?

लिटरला ६० किलोमीटर जाणारी १०० सीसीची गाडी ४५ वर आली की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘गाडी पेट्रोल प्यायला लागली.’ मग गाडी गॅरेजला जाते. कार्बोरेटर खोलून साफ होतो, प्लग बदलला जातो, सेटिंगचा स्क्रू थोडा इकडे-तिकडे फिरतो. चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. रोज ३० किलोमीटर फिरणाऱ्याला हा फरक महिन्याकाठी चार लिटरहून अधिक पडतो. आजच्या भावाने ते चारशे रुपयांच्या वर जाते.

बहुतेक जण या प्रश्नाकडे खिशाच्या नजरेने पाहतात आणि तिथेच थांबतात. मात्र कमी झालेले पेट्रोल कुठेतरी गेलेले असते. ते जिन्याखाली वाफ होऊन साचत असेल, तर घराला आगीचा धोका आहे. इंजिनच्या ऑइलमध्ये उतरत असेल, तर इंजिनचे आयुष्य संपत आले आहे. अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर पडत असेल, तर मागून येणाऱ्याच्या आणि बंद जागेत गाडी सुरू करणाऱ्याच्या छातीत विषारी वायू जातो आहे. म्हणून ‘किती गेले’ याच्या आधी ‘कुठे गेले’ हे शोधायला हवे. त्यासाठी फार महागडी साधने लागत नाहीत. लागते ती पद्धत.

चार वाटा

पदार्थ नाहीसा होत नाही, हा शाळेत शिकलेला नियम इथे नेमका उपयोगी पडतो. पेट्रोल कमी होण्याच्या वाटा चारच आहेत. एक, ते टाकीत पुरेसे आलेच नाही किंवा टाकीतून कोणी काढून नेले. दोन, गाडी उभी असताना ते गळले किंवा उडून गेले. तीन, ते कार्बोरेटरमधून इंजिनच्या ऑइलमध्ये उतरले. चार, गाडी चालताना ते गरजेपेक्षा जास्त जळले. चौथ्या वाटेलाही दोन फाटे आहेत. इंजिन चुकीच्या प्रमाणात पेट्रोल घेत असेल, किंवा इंजिन ठीक असूनही चाकच जड फिरत असेल.

गॅरेजमध्ये पहिला हात बहुधा चौथ्या वाटेच्या पहिल्या फाट्याला, म्हणजे कार्बोरेटरच्या सेटिंगला लागतो. दोष तिथे नसेल तर तो स्क्रू फिरवून एका दोषाचे दोन होतात. डॉक्टर तपासल्याशिवाय औषध बदलत नाही, तेच इथेही लागू आहे.

आधी मोजणी

१९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० च्या जाहिरातीतले ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ हे शब्द एका पिढीला पाठ होते. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरा! नव्या गाडीला ते शोभतही होते. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र विसरून चालत नाही.

‘दोनशेचे टाकले होते, तीन दिवसांत संपले’ ही मोजणी नव्हे. खात्रीची रीत अशी. एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, टाकीच्या तोंडाखालच्या एका ठरावीक खुणेपर्यंत पेट्रोल भरावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. निदान दीडशे किलोमीटर नेहमीसारखे फिरून त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरावे. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचे लिटर हे खरे मायलेज. असे तीनदा करून सरासरी काढावी. एकाच वेळच्या आकड्यात वाहतूक, पाऊस, मागे बसलेला माणूस अशा अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात.

या मोजणीत दोन गोष्टी फसवतात. पहिली, मीटर. जुन्या गाडीच्या मीटरची केबल किंवा चाकाजवळचे तिचे गिअर झिजले, तर मीटर अडखळत चालते. गाडी १०० किलोमीटर गेली तरी ते ९० दाखवते आणि दोष पेट्रोलच्या माथी येतो. महामार्गावरचे दहा किलोमीटरचे दगड मोजून मीटर तपासता येते. दुसरी, पंपावरचे माप. प्रत्येक पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. ५ लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो. वाद घालण्यापेक्षा हे माप मागणे सोपे.

उष्णतेचाही एक खेळ आहे. तापमान एका अंशाने वाढले की पेट्रोलचे आकारमान साधारण हजारात एक भाग वाढते. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले थंड पेट्रोल गाडीत काठोकाठ भरले आणि मे महिन्याच्या उन्हात टाकी २० अंशांनी तापली, तर १० लिटरचे जवळपास २०० मिलीलिटर वाढतात. ते झाकणाच्या श्वासछिद्रातून बाहेर येतात. गळती समजून टाकी बदलण्याच्या विचारात असलेल्याने आधी टाकी काठोकाठ भरणे थांबवून पाहावे.

दोन रात्रींची परीक्षा

मोजणीत घट खरी निघाली, की पुढचा प्रश्न असा : पेट्रोल गाडी उभी असताना जाते की चालताना? हा एक प्रश्न निम्मे काम संपवतो.

त्यासाठी गाडी मोकळ्या हवेत, घराच्या दारापासून आणि विजेच्या बोर्डापासून दूर, मेन स्टँडवर उभी करावी. साइड स्टँडवर गाडी कलते आणि कार्बोरेटरमधली पातळी बिघडते, म्हणून मेन स्टँड. पहिल्या रात्री पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा, दुसऱ्या रात्री चालू. कार्बोरेटरच्या खालून एक बारीक रबरी नळी जमिनीकडे आलेली असते, ती ओव्हरफ्लोची. तिचे टोक अरुंद तोंडाच्या छोट्या काचेच्या बाटलीत सोडावे.

कॉक बंद असताना बाटली कोरडी आणि चालू असताना तिच्यात पेट्रोल, असे दिसले तर दोष कार्बोरेटरमध्ये आहे. कॉक बंद ठेवूनही टाकीतले पेट्रोल कमी झाले, तर टाकी, झाकण, कॉक किंवा चोर, यांपैकी एक. दोन्ही रात्री काहीच गेले नाही आणि ऑइलची पातळीही वाढली नाही, तर घट चालताना होते आहे. टाकीत कोरडी काठी बुडवून पातळी पाहायला हरकत नाही, पण एका रात्रीच्या मापावर विसंबू नये. पसरट टाकीत १०० मिलीलिटर कमी झाले तर पातळी जेमतेम एक-दोन मिलिमीटर उतरते आणि रात्रीच्या गारव्याने पेट्रोल आकसते ते वेगळेच. गाडी चार-पाच दिवस उभीच असेल, तर सकाळचे माप सकाळच्याच मापाशी ताडावे.

‘जमिनीवर डाग नाही, म्हणजे गळती नाही’ हा समज फार चुकीचा आहे. पेट्रोलचा एक थेंब साधारण ०.०३ मिलीलिटरचा धरला आणि दर दहा सेकंदांना एक थेंब पडला, तर बारा तासांत ४,३२० थेंब, म्हणजे जवळपास १३० मिलीलिटर जातात. महिन्याला ते पावणेचार लिटरच्या पुढे जाते. इतक्या हळू पडणारा थेंब फरशीवर पसरून पुढचा थेंब यायच्या आत बराचसा उडून जातो. सकाळी उरतो फक्त वास.

गोळा, सुई आणि गंज

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलची एक वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला गोळा पाणी भरले की नळ बंद करतो, तसाच हा फ्लोट वर उचलला गेला की एक बारीक सुई भोकात दाबून पेट्रोल थांबवतो. वर्षानुवर्षांच्या वापराने सुईच्या टोकावर चरा पडतो किंवा टाकीतल्या गंजाचा कण तिच्या बैठकीत अडकतो. मग सुई पूर्ण बसत नाही. जुन्या गाड्यांतल्या पितळी फ्लोटला बारीक भोक पडले, तर त्यात पेट्रोल शिरून तो बुडतो आणि पेट्रोल येतच राहते. वाटी भरून वाहू लागली की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब सुरू होतात.

सुई आणि तिची बैठक स्वस्तात बदलून मिळते. पण सुई बदलल्यावर महिन्याभरात तीच तक्रार परत आली, तर सुईला दोष देण्यात अर्थ नाही. टाकीच्या आत गंज आहे आणि तो गंज प्रत्येक नव्या सुईला खाणार आहे. टाकी धुऊन कॉकची जाळी आणि पेट्रोलचा फिल्टर साफ केल्याशिवाय ही दुरुस्ती पुरी होत नाही.

टाकीचीच गळती असेल तर ती बहुधा तळाच्या शिवणीवर, कॉक बसतो त्या जागी किंवा रंगाला फोड आलेल्या ठिकाणी सापडते. जागा नेमकी दिसत नसेल तर संशयाची बाजू पुसून कोरडी करावी आणि तिच्यावर खडूची पूड हलक्या हाताने लावावी. अगदी बारीक चिरेतून झिरपलेले पेट्रोलही पुडीवर ओलसर रेघ उमटवते. कारखान्यांत धातूची तडे शोधण्याची एक चाचणी याच तत्त्वावर चालते. कॉकच्या आतले रबर वाळून कडक झाले असेल, तर कॉक ‘बंद’ दाखवत असतानाही पेट्रोल खाली येते, हेही लक्षात ठेवावे.

गळकी टाकी झाळायला नेताना मात्र सावध राहावे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे पेटणारे मिश्रण कोंडलेले असते. पेट्रोल ओतून टाकले म्हणजे वाफ गेली असे होत नाही. ज्याला टाकी आधी नीट धुऊन वाफमुक्त करण्याची पद्धत ठाऊक नाही, त्याच्या हाती टाकी देऊ नये.

ऑइल वाढले तर?

ओव्हरफ्लोची नळी कचऱ्याने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजलेली असेल, तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. मग वाहून चाललेले पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये जाते. ही तिसरी वाट सर्वांत लपलेली आहे आणि इंजिनसाठी सर्वांत महाग पडणारी.

तिची तपासणी एका मिनिटाची आहे. गाडी सरळ उभी करून ऑइलची काठी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल कमी झालेले सगळ्यांना कळते, वाढलेले मात्र कोणी मनावर घेत नाही. कोणी भरलेले नसताना पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली, ऑइल पाण्यासारखे पातळ झाले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर निदान झाले. पातळ ऑइल बेअरिंग आणि कॅमवर टिकत नाही, धातूवर धातू घासतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेले असताना किक मारली तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा वेळी गाडी सुरू करून पाहू नये. आधी सुई आणि नळी दुरुस्त करावी, मग ऑइल बदलावे. क्रम उलटा केला तर नवे ऑइलही दोन दिवसांत तसेच होते.

घरातली हवा

उभ्या गाडीतून गळणाऱ्या पेट्रोलचा हिशेब रुपयांत करून भागत नाही. आपल्याकडे गाडी जिन्याखाली, वाड्याच्या बोळात, चाळीच्या पॅसेजमध्ये, कधी थेट पडवीत उभी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत सरकते आणि खोलगट जागी साचते. १०० मिलीलिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती साधारण १८ लिटर भरते. हवेत वाफेचे प्रमाण जेमतेम १.४ टक्के झाले की मिश्रण पेटू शकते. या हिशेबाने एका रात्रीची ती छोटी गळती एक घनमीटरहून अधिक हवा पेटती करायला पुरेशी आहे. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, त्यामुळे ‘थंडी आहे, काही होत नाही’ हा दिलासा खोटा. उंबऱ्याशी लावलेली पणती, पाण्याच्या मोटरचा स्विच, इन्व्हर्टरची ठिणगी एवढेही पुरते. आग लागलीच तर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आग पसरते. वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे.

आग लागली नाही तरी वाफ श्वासात जातेच. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही तिची लगेच जाणवणारी लक्षणे. पेट्रोलमध्ये बेंझीनही असते. आपल्याकडे त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे आणि त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. एखाद्या दिवसाच्या वासाने घाबरून जायचे कारण नाही. पण ज्या खोलीत मुले झोपतात तिच्या दाराशी महिनोन्‌महिने गळकी गाडी उभी ठेवणे योग्य नाही. अडचण अशी की नाक सरावते. घरातल्यांना वास येईनासा होतो आणि पाहुणा दारातच विचारतो, ‘पेट्रोलचा वास येतोय का?’ हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा आणि दुरुस्ती होईपर्यंत रोज रात्री कॉक बंद करावा. गळती कॉकच्या पुढे असेल तर हा उपाय विनाखर्चाचा आहे.

चालताना जाणारे पेट्रोल

दोन्ही रात्री बाटली कोरडी आणि ऑइल ठीक, असे असेल तर चौथी वाट उरते. इथे एक कागद बहुतेकांच्या डिकीत पडून असतो आणि तो कोणी वाचत नाही. तो म्हणजे पीयूसी.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला जवळपास १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोलमधल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होण्याऐवजी कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे पेट्रोल अर्धेच वापरले आणि उरलेली ऊर्जा धुरातून सोडून दिली. २००० नंतरच्या, पण बीएस-६ पूर्वीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. गाडी पास झाली एवढेच पाहू नये, आकडे पाहावेत. गेल्या वेळी १ टक्का असलेला मोनॉक्साइड या वेळी ३ टक्के झाला असेल, तर गाडी पास होऊनही पेट्रोल जास्त घेते आहे. मोनॉक्साइड ठीक आणि हायड्रोकार्बन फार, असे असेल तर पेट्रोल पेटतच नाही. प्लग, कॉइल किंवा व्हॉल्व्हकडे पाहावे. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडे खोटे चांगले येतात. शिवाय ही तपासणी गाडी जागेवर उभी असताना होते, त्यामुळे वेगात असतानाचा दोष तिच्यात दिसेलच असे नाही.

त्यासाठी प्लग पाहावा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन गार झाल्यावर काढलेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळे आणि तेलकट असेल तर ऑइल जळते आहे. काजळी दिसली तर पहिला संशय एअर फिल्टरवर, दुसरा अर्धवट अडकलेल्या चोकवर आणि मगच कार्बोरेटरच्या जेटवर. फिल्टर आणि चोक तपासायला पाच मिनिटे लागतात. जेटला हात लावायची वेळ अनेकदा येतही नाही.

प्लगही स्वच्छ असेल तर इंजिनाला सोडून चाकाकडे यावे. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मागचे चाक हाताने जोरात फिरवावे. ते सहज काही फेरे फिरले पाहिजे. एका फेऱ्यात घासत थांबले तर ब्रेक शू चिकटत आहेत किंवा साखळी फार ताणलेली आहे. ब्रेक न लावता पाच किलोमीटर चालवल्यावर चाकाचा ड्रम गरम लागला, तर पेट्रोलची उष्णता कुठे जाते आहे ते हातालाच कळते. टायरमधली हवा गाडी थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, हे क्लच प्लेट घसरत असल्याचे लक्षण. एवढे सगळे ठीक निघाले तरच रिंग-पिस्टन आणि कॉम्प्रेशनची चर्चा सुरू करावी, कारण तो खर्च मोठा आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या सगळ्यातला सर्वांत मोडला जाणारा नियम. फिल्टर, प्लग, ऑइल आणि सेटिंग एकाच दिवशी बदलले आणि मायलेज सुधारले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. पुन्हा बिघडले की पुन्हा चारही खर्च!

ई-२० किती जबाबदार?

हल्ली मायलेज घसरले की इथेनॉलवर बोट ठेवले जाते. त्यात तथ्य आहे, पण किती, ते मोजता येते. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या एका लिटरापेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींत तीन ते चार टक्के घट येईल असे म्हटले होते. सहा-सात टक्के धरले तरी ६० ची गाडी ५६ वर येईल. ती ४५ वर आली असेल, तर उरलेले ११ किलोमीटर दुसरीकडे शोधावे लागतील.

जुन्या गाडीला इथेनॉलचा त्रास दुसऱ्या वाटेने होतो. जुन्या रबराच्या काही नळ्या, वॉशर आणि सील त्याने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी उतरते, टाकी गंजते आणि गोष्ट पुन्हा त्या सुईपाशी येते. म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या गाडीच्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून घेणे शहाणपणाचे.

तोंड, हात आणि बंद शटर

पेट्रोलचा शोध घेताना माणसे स्वतःला जी इजा करून घेतात, ती बहुधा टाळता येण्यासारखी असते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणे ही त्यातली सर्वांत घातक सवय. पेट्रोल इतके पातळ असते की ठसका लागताच ते सहज श्वासनलिकेत शिरते आणि फुप्फुसात पसरून तिथल्या हवेच्या पिशव्यांना सूज आणते. पोटात गेलेल्या पेट्रोलपेक्षा छातीत गेलेले थोडेसे पेट्रोल अधिक धोक्याचे. म्हणूनच कोणी पेट्रोल गिळले तर त्याला उलटी करायला लावू नये, मिठाचे पाणी किंवा दूध पाजू नये. उलटीबरोबर ते दुसऱ्यांदा छातीत जाऊ शकते. भिजलेले कपडे काढावेत, त्वचा साबणाने धुवावी आणि लगेच रुग्णालय गाठावे किंवा १०८ ला फोन करावा. खोकला, धाप ही लक्षणे काही तासांनी सुरू होऊ शकतात, त्यामुळे ‘आता बरे आहे’ म्हणून घरी थांबू नये. काढलेले पेट्रोल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवणे म्हणजे घरातल्या लहान मुलाच्या हाती विष देणे होय.

पेट्रोलने हात धुणे बंद करावे. त्याने त्वचेतला स्निग्धांश निघून जातो, भेगा पडतात. गाडी सुरू ठेवून सेटिंग पाहायचे असेल तर ते उघड्यावर करावे. शटर ओढलेल्या गाळ्यात किंवा बंद पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. पेट्रोल जास्त घेणारी गाडी हा वायू अधिक सोडते, म्हणजे ज्या गाडीची तपासणी करायची तीच जास्त घातक.

गॅरेजला जाताना ‘गाडी पेट्रोल पिते’ एवढेच सांगण्याऐवजी एक चिठ्ठी न्यावी. तीन वेळच्या मोजणीची सरासरी, कॉक बंद आणि चालू असतानाच्या दोन रात्रींचा निकाल, ऑइलची पातळी, पीयूसीचे मागचे-पुढचे आकडे आणि चाक हाताने फिरवल्यावर काय झाले ते. जाणत्या मेकॅनिकला एवढी माहिती मिळाली की तो सरळ योग्य जागी पाना लावतो. आणि घाईने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवणाऱ्याला थांबवायला मालकाकडे कारण असते.